पाहुण्यांचा परिचय

सुरत, १६ जानेवारी २०२५

ती. ताईस,
विजयचा नमस्कार.

तुझा तिळगूळ पोचला. स्वतःला चाखता येत नाही तरी दरवर्षी डबाभर करून पाठवतेस, कमाल आहे तुझी. इथे उत्तरायण जोरात झालं. दोन दिवस सगळी सुरत गच्चीवर होती. जयश्रीने उंधियू केला होता आणि मी एकही पतंग न उडवता मान मात्र अवघडून घेतली.

तू आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाची चौकशी केली होतीस. माझ्याकडे चिटणिसाचं काम आल्यापासून महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पाहुणा वक्ता आणायची जबाबदारी माझ्या गळ्यात आहे. नोव्हेंबरात एका वकिलांनी मृत्युपत्रावर असं काही भाषण दिलं की निम्मे लोक घरी जाऊन मुलांकडे संशयाने बघू लागले. डिसेंबरात अग्निशमन दलाचे एक निवृत्त अधिकारी होते. त्यांनी हॉलमध्ये प्रात्यक्षिक दाखवलं आणि आम्ही सगळे खोकत बाहेर पळालो. या महिन्यात मोबाइल कसा वापरावा यावर बोलायला एक बाई होत्या, पण त्यांच्या आवाजाने सभा गाढ झोपली. नाश्त्याला गरम लोचो आला तेव्हा जाग आली.

तरी एक गोष्ट सांगतो, स्वतःची टिमकी वाजवतोय म्हण हवं तर. लोक खरे येतात ते माझा परिचय ऐकायला. पाहुणा कितीही फिका असो, मी त्याला असा काही उभा करतो की शाल घेताना त्याचेच डोळे भरून येतात. आमचे अध्यक्ष म्हणतात, "विजयभाई, बँकेत तुम्ही उगाच आयुष्य घालवलंत."

फेब्रुवारीत मधुमेहावर डॉ. मंदार सबनीस येणार आहेत. तुझी आठवण झाली. सगळं नीट टिपून घेऊन तुला कळवीन.

तुझा,
विजू

*

अमळनेर, २७ जानेवारी

चि. विजूस आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. योगराज आणि सूनबाई हर्षदा सकाळी नोकरीला जातात ते दिवेलागणीला येतात. कानांनी तर कधीच राम म्हटलाय, त्यामुळे टीव्हीसुद्धा नुसता बघायचा. घरात कुणाला काही सांगायचं असलं तर पाटीवर लिहून दाखवतात. तुझं पत्र म्हणजेच माझं मंडळ. फक्त लोचो तेवढा मिळत नाही.

टिमकी वाजव बाबा, तुझा हक्क आहे. शाळेत असताना गावातल्या गुरवाचा परिचय तू मठाधिपती म्हणून करून दिला होतास. तो बिचारा नंतर महिनाभर कडक सोवळ्यात वावरत होता.

त्या डॉक्टरांना माझ्यासाठी एक विचारशील? इन्शुलिनच्या सुईतून सुटका आहे का? बारा वर्षं झाली. पोटावर टोचायला धड जागा उरलेली नाही. कुठे हळदीकुंकवाला गेलं तरी मध्येच उठून आत जायचं आणि कुणाच्या तरी न्हाणीघरात उभ्याने टोचून घ्यायचं. गेल्या महिन्यात पुतणीच्या साखरपुड्यात दार उघडून कुणाची तरी पोर आत आली आणि मला बघून किंचाळली. फार लाज वाटली रे. हे मी घरात बोलत नाही. बोललं की हर्षदा साखरेचा चार्ट काढून बसते.

खरे डॉक्टर आहेत ना पण ते? दवाखाना कुठे आहे त्यांचा? नाहीतर हल्ली कोणीही उठतं आणि पुड्या विकतं.

तुझी,
ताई

*

सुरत, ११ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार.

परवाची सभा मंडळाच्या इतिहासात लिहून ठेवावी अशी झाली. खुर्च्या कमी पडल्या. कोसाडहून दोन बस बदलून येणारे आमचे पंडितकाका, यंत्रमागावर उभा जन्म काढलेले, नेहमी मागे भिंतीला टेकून बसतात. ते या वेळी सपत्नीक पहिल्या रांगेत होते.

परिचयाला मी पाचच मिनिटं घेतली. म्हटलं, "हजारो रुग्णांना सुईच्या जाचातून मुक्त करणारा हा धन्वंतरी आज तुमच्या-आमच्यासाठी इथे आला आहे." काय टाळ्या पडल्या! डॉ. सबनीस उठले, मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "एवढी ओळख करून दिल्यावर आता मला खोटं बोलायची सोय नाही." पहिल्याच वाक्यात त्यांनी सभा खिशात घातली.

तुझा प्रश्न विचारला. त्यांचं म्हणणं असं की बाहेरून इन्शुलिन देत गेलं की शरीर आळशी होतं. मुलाला कडेवरच घेतलं तर ते चालणार कधी? सकाळी कारल्याचा रस, भिजवलेली मेथी, दिवसभर कोमट पाणी, आणि सुई हळूहळू नाही, एकदम बंद. पहिले काही दिवस तहान लागते, लघवीला सारखं जावं लागतं, वजन उतरतं. त्याला घाबरायचं नाही, ती शरीराची साफसफाई आहे म्हणे. सभेतल्या एका गृहस्थांनी उभं राहून सांगितलं की त्यांनी दोन महिन्यांपूर्वी सुई फेकली आणि आता ते जिलबी खातात. हॉल नुसता दणाणला.

दवाखान्याचं विचारलंस. मोठे आहेत गं ते. सुरत, वापी, नवसारी, सगळीकडे त्यांची व्याख्यानं असतात. शाल घालून ज्याचा सत्कार करायचा त्याला दवाखान्याचा पत्ता विचारणं बरं दिसत नाही. आमच्या मंडळात तशी रीत नाही.

जयश्री मात्र सभाभर खिडकीतून बाहेर बघत होती. डॉक्टर म्हटलं की तिला खुर्चीत बसवत नाही.

विजू

*

अमळनेर, ५ मार्च

चि. विजूस खूप खूप आशीर्वाद.

आज तुला असं काही सांगते की तू नाचशील. मी सुई बंद केली. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात. तू एवढं टाळ्या वाजवून सांगितलंस, शिवाय तुझा माणूस म्हटल्यावर मला आणखी कुणाला विचारायची गरज काय?

आणि तुझे डॉक्टर म्हणतात तसंच अगदी होतंय. माठातलं पाणी मला पुरत नाही. रात्री चार वेळा उठते. घाण निघून चालली आहे. अंग इतकं हलकं झालंय की लग्नातली पोलकी अंगात शिरतील. हर्षदा म्हणाली, आई, तुम्ही वाळलात. मी नुसती हसले. तिला आणि योगराजला यातलं काही ठाऊक नाही. इन्शुलिन फ्रिजमधून काढून मोरीत ओतते आणि रिकामी कुपी त्यांना दिसेल अशी ठेवते. तू मात्र त्यांच्याजवळ बोलू नकोस. पुरती बरी झाले की मी स्वतः सांगीन, त्यांचे चेहरे बघायचेत मला.

काल पाहुण्यांत बसून पोटभर जेवले, मध्ये उठले नाही. बारा वर्षांनी, विजू.

ताई

*

सुरत, १६ मार्च

ती. ताईस नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. बरं वाटलं. म्हणजे तू आनंदात आहेस हे वाचून बरं वाटलं.

फक्त एवढंच की थोडं जपून. डॉक्टरांनी ते सर्वसाधारण सभेसाठी सांगितलं होतं. प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते, वय वेगळं असतं. एखादी सुई चालू ठेवली तर काही बिघडणार नाही असं मला आपलं वाटतं. नाहीतर साखर एकदा तपासून घ्यावीस. मी यातला जाणकार नाही, पण तरी.

योगराजला मी काही बोललेलो नाही, तू शब्द घेतलास म्हणून.

इकडे उन्हाळा सुरू झालाय. या महिन्यात पाहुण्या होत्या कागदाची फुलं करणाऱ्या बाई. अगदीच साधा कार्यक्रम झाला. मला परिचयाला फारसं काही सुचलंच नाही.

विजू

*

अमळनेर, ८ एप्रिल

चि. विजूस आशीर्वाद.

तू असा भित्रा कधीपासून झालास? हजारो लोक बरे करणाऱ्या माणसाला तूच आणलास आणि आता तूच मला एखादी सुई चालू ठेव म्हणतोस! तुझं पत्र मी बाजूला ठेवलं आणि डॉक्टरांचं ऐकलं.

चैत्रात देवीला अनवाणी गेले होते, दुपारी. फरशी इतकी तापलेली की बायका उड्या मारत होत्या. मला काहीसुद्धा लागलं नाही. म्हटलं, बघा, अंगात शक्ती आलीय. घरी येऊन बघते तर उजव्या तळव्याला हा एवढा फोड. तो फुटला आणि त्याची जखम झाली. आता अंगठा जरा काळसर दिसतो, पण दुखत अजिबात नाही. मोजे घालून असते म्हणून घरात कुणाच्या लक्षात आलेलं नाही. हर्षदा एकदा म्हणाली कसला वास येतोय, मी म्हटलं मोरी तुंबलीय.

साफसफाई पायातून होत असेल का? एवढं डॉक्टरांना विचार आणि लगेच उलट टपाली कळव. त्यांनी सांगितलं तर मी लेप लावीन, नाहीतर आहे तसं राहू देईन. त्यांच्या शब्दाबाहेर मला काही करायचं नाही.

ताई

*

सुरत, १५ एप्रिल

ती. ताईस नमस्कार.

डॉक्टर बाहेरगावी आहेत, फोन लागत नाही. ते येईपर्यंत वाट बघू नकोस. तिथल्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना पाय दाखव. आजच दाखव. योगराजला सांगितलंस तर तो काही रागावणार नाही.

घाईत लिहितोय. सविस्तर नंतर.

विजू

*

सुरत, २३ एप्रिल

ती. वन्संना जयश्रीचा नमस्कार.

तुम्हाला धुळ्याच्या दवाखान्यात हलवल्याचं हर्षदाने काल फोनवर सांगितलं. हे तेव्हा मंडळाच्या हॉलवर होते आणि फोन घरी राहिला होता, म्हणून तो मी घेतला. पोरगी रडत होती. म्हणाली, "मामी, आई म्हणतात सुरतच्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पायाला हात लावू देणार नाही. मामांकडून त्यांचा नंबर घेऊन द्या ना." मी विचारलं, कुठले सुरतचे डॉक्टर? मग तिने सगळं सांगितलं. मला यातलं अक्षरही माहीत नव्हतं. तुमची पत्रं हे दुपारी मला वाचून दाखवतात. फेब्रुवारीपासूनची तीन पत्रं आलीच नाहीत असं मला सांगितलं होतं.

वन्सं, हर्षदाला मी फोनवरच सांगितलं, पण तिने पाटीवर लिहिलेलं तुम्ही मानाल असं तिला वाटेना, म्हणून मी लिहून देते: मंदार सबनीस डॉक्टर नाही. कसलाच नाही. इच्छापोरला एका कारखान्यात तो मालाचा हिशेब ठेवत असे. ते सुटल्यावर व्याख्यानं देऊ लागला. त्याने स्वतःला कधी डॉक्टर म्हणवलं नव्हतं. जानेवारीची सभा झाल्या झाल्या पुढचा फलक लिहिताना यांना नुसतं 'श्री. मंदार सबनीस' फार उघडंबोडकं वाटलं, आधीच्या महिन्यांचे पाहुणे वकील आणि अधिकारी होते म्हणून. यांनी खडू घेतला आणि पुढे 'डॉ.' लिहिलं. मी तिथेच उभी होते. म्हटलं, अहो, हे काय? तर म्हणाले, "एवढं कोण बघतं!" मी तेव्हा गप्प बसले, सगळ्यांच्याच नावाला हे काही ना काही चिकटवतात म्हणून. तुम्हालाही तसंच लिहिलं असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तुम्ही धुळ्याचे डॉक्टर सांगतील ते सगळं करू द्या. एक मिनिट थांबू नका.

हे आज रात्रीच्या गाडीने तुमच्याकडे येतायत. तिथे आल्यावर त्यांच्या तोंडून हे निघेल की नाही याची मला खात्री नाही, म्हणून हे पत्र पाकीट चिकटवून त्यांच्याच हाती देते आहे. आत काय आहे ते त्यांना माहीत नाही.

तुमची,
जयश्री

*

अमळनेर, २२ मे

विजू,

उजवा पाय गुडघ्याखाली काढला. हे तुला ठाऊक आहेच. आता घरी आले आहे. रात्री नसलेल्या पायाला खाज येते आणि मी अंधारात हात नेते, तर तिथे गादी लागते.

तू धुळ्याला आलास, दोन दिवस माझ्या खाटेशी बसलास. पहिल्याच दिवशी तू पाकीट दिलंस आणि खुर्चीवर बसून मोसंबी सोलायला लागलास. मी जयश्रीचं पत्र तुझ्यासमोर वाचलं. वाचून घडी केली आणि उशीखाली ठेवलं. तू विचारलंस, काय म्हणते? मी मान हलवली, काही नाही.

मग मी पाटी तुझ्या हातात दिली. तू लिहिलंस, गाडीला फार गर्दी होती. मी पुसून पुन्हा दिली. तू लिहिलंस, इथला दवाखाना स्वच्छ आहे. तिसऱ्यांदा मी पाटीबरोबर खडूसुद्धा तुझ्या बोटांत धरून दिला आणि तुझ्याकडे बघत राहिले. तू लिहिलंस, पाय वाचेल, डॉक्टर म्हणतायत. ते तुझ्या पाठीमागे उभे होते आणि त्यांनी तसं म्हटलं नव्हतं. मला ऐकू येत नाही, पण तोंडं मला वाचता येतात, विजू.

तू डॉक्टर लिहिलंस त्याचा मला राग नाही. तुझी खोडच ती. मी शहाणी होते, मी विचारायला हवं होतं, आणि विचारलंही होतं. मला राग आहे तो मार्चमधल्या पत्राचा. मी सुई बंद केल्याचं तुला कळवलं तेव्हा पाय धड होता. तू मला अख्खं पत्र लिहिलंस. उन्हाळ्याबद्दल लिहिलंस, कागदी फुलांबद्दल लिहिलंस. हा माणूस डॉक्टर नाही, एवढं एकच वाक्य लिहिलं असतंस तर मी त्याच दिवशी सुई घेतली असती. तुला माझ्या पायापेक्षा तुझा शब्द खाली पडू नये याची काळजी जास्त होती.

रडून पत्र लिहू नकोस, मी ते वाचणार नाही. त्या हॉलमध्ये आणखी किती जणांनी सुई सोडली ते बघ आधी. त्यांना तुझ्या सभेत उभा राहून सांग. ते झाल्यावर मला लिही.

शकुंतला

*

सुरत, १४ जून

ती. ताईस,

रविवारी सांगितलं. जसं झालं तसं लिहितो.

मेच्या सभेला मी प्रकृतीचं कारण सांगून गेलो नव्हतो. या वेळी गेलो. पाहुणे यायच्या आधी मी माइक घेतला. म्हटलं, "फेब्रुवारीत आलेले मंदार सबनीस डॉक्टर नाहीत. फलकावर ते मी लिहिलं. परिचयातले हजारो रुग्णही माझेच. त्यांचं ऐकून माझ्या बहिणीने इन्शुलिन सोडलं आणि तिचा पाय कापावा लागला. इथे कुणी औषध सोडलं असेल त्याने आजच्या आज डॉक्टरकडे जावं." हात वर करा म्हटलं, तर एकही हात वर झाला नाही.

मग मागून पंडितकाका उठले. भिंतीला धरून म्हणाले, "विजयभाऊ, मना पाय सुन्न पडी जातस. तो डॉक्टर नई शे का मंग? तुम्ही तं सांगेल व्हतं." मी म्हटलं, "नाही काका, मी खोटं बोललो." ते खाली बसले. त्यांच्या बायकोने पदर डोळ्यांना लावला.

अध्यक्षांनी येऊन माझ्या हातातून माइक घेतला. सभेला म्हणाले, "विजयभाईंच्या घरी दुःखद घटना घडली आहे, त्यामुळे ते भावनेच्या भरात बोलतायत. आपण त्यांच्या भावनांचा आदर करू." आणि ताई, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी स्वतःविरुद्ध साक्ष दिली आणि लोकांनी मला टाळ्या दिल्या. जिलबीवाल्या गृहस्थांनी तर मला जवळ घेतलं, म्हणाले, बहिणीची पथ्यं नीट पाळली गेली नसतील.

पंडितकाकांना मी दुसऱ्या दिवशी रिक्षाने दवाखान्यात नेलं. साखर पाचशेच्या वर होती. त्यांचे पाय राहतील असं डॉक्टर म्हणाले. बाकीच्यांपैकी नऊ जणांच्या घरी मी गेलो. चौघांनी चहा दिला आणि विषय बदलला.

आता सांगायची गोष्ट ही. लोकाग्रहास्तव जुलैच्या सभेला पुन्हा सबनीसांना बोलावलंय. १३ तारखेला. मी चिटणीसपद सोडलं आहे, परिचय आता अध्यक्ष स्वतः करून देणार. हॉलबाहेर फलक लागला आहे, त्यावर 'डॉ.' रंगात लिहिलंय, खडूने नाही. मी सबनीसांना फोन करून येऊ नका म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, "विजयभाई, डॉक्टर मला तुम्ही केलंत. आता लोक तसंच म्हणतात, मी कुणाकुणाला नाही म्हणू?"

मी पुन्हा उभा राहीन. पण माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. इतकी वर्षं लोकांनी माझं प्रत्येक खोटं खरं मानलं, आणि हे एक खरं बोललो तर कुणाला पटत नाही. काय करू ते मला सुचत नाही.

विजू

*

अमळनेर, १९ जून

चि. विजूस,

पत्र मिळालं. पंडितकाकांचं वाचून बरं वाटलं. तुझ्यावर विश्वास ठेवत नाहीत हे वाचून नवल वाटलं नाही.

हर्षदाने रजा काढली आहे. आम्ही दोघी अकरा जुलैला भुसावळहून येणाऱ्या गाडीने निघतो. चाकाची खुर्ची बरोबर आणते आहे, स्टेशनवर दोन दणकट माणसं घेऊन ये. जयश्रीला सांग, माझं इन्शुलिन ठेवायला फ्रिजमध्ये जागा कर. घरात मी तुझ्याशी नीट बोलेन असं समजू नकोस. अजून मला ते जमत नाही.

तेराला तो माणूस बोलायला उभा राहील तेव्हा मी पहिल्या रांगेत, अगदी त्याच्यासमोर असेन. मला त्याचं काही ऐकू येणार नाही, त्यामुळे त्याच्या गोड बोलण्याचा मला धोका नाही. तू फक्त सर्वांसमोर येऊन माझ्या पायावरची चादर काढ आणि मी तुझी कोण ते सांग. बाकी तू काही बोलू नकोस. त्यांना बघू दे.

शकुंतला